‘प्रयोग आहे’ चालतं, ‘पोरीला ताप आहे’ चालत नाही

मराठी अभिनेत्रीची कुठलीही मुलाखत लावा. यूट्यूबवरची असो, दिवाळी अंकातली असो, नाहीतर गणपतीत सोसायटीच्या स्टेजवरची. पंधराव्या-विसाव्या मिनिटाला तो प्रश्न येतोच येतो. “एवढं शूटिंग, दौरे, प्रयोग... घर कसं सांभाळता हो?” मग ती हसते. सासूबाईंचे आभार मानते, नवरा किती समजून घेणारा आहे ते सांगते, “तारेवरची कसरत असते” म्हणते. टाळ्या पडतात. त्याच कार्यक्रमात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या नटाला मात्र ड्रीम रोल विचारतात, डाएट विचारतात, गाडी कुठली घेतली ते विचारतात. त्यालाही दोन मुलं असतात, पण ती कोण सांभाळतं हे कुणाला विचारावंसं वाटत नाही.

आता यावर “बायकांनाच का विचारता?” असा त्रागा करून झालेला आहे, अनेकींनी केलाय, आणि तो बरोबरच आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. प्रश्न विचारा, जरूर विचारा. फक्त तो चुकीच्या माणसाला विचारला जातोय. घर कसं सांभाळलं जाणार हे त्या बाईच्या हातात फार कमी असतं. ते ठरतं कॉलशीटवर, करारावर आणि चॅनलच्या मीटिंगमध्ये.

हे मी हवेत बोलत नाही. मी अकरा वर्षं मालिकांच्या सेटवर शेड्यूल लावायचं काम केलंय. उद्या कुणाचा कॉल किती वाजता, कुणाचे सीन आधी, कुणाला कधी सोडायचं, कुणाच्या डेट्स कुठे अडकल्यात, हे सगळं जुळवणारी बाई म्हणजे मी. सेटवर माझ्याशी सगळे गोड बोलायचे, कारण घरी जायची वेळ माझ्या कागदावर असायची. म्हणून हा विषय मला ‘स्त्रीशक्ती’च्या बाजूने नाही, वेळापत्रकाच्या बाजूने मांडायचाय.

आधी मालिका कशी चालते ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रोज एपिसोड जातो. साधारण बारा तासांची शिफ्ट, बरेचदा तेराची होते. सेट घोडबंदरला, मढला, मीरा रोडला, नायगावला, नाहीतर गोरेगावच्या चित्रनगरीत. कलाकार राहणार डोंबिवलीत, दादरला, कुणी तर पुण्याहून एक्स्प्रेस वेवरून ये-जा करणारी. म्हणजे बारा तास अधिक प्रवासाचे तीन तास. नायिकेला महिन्यातले वीस-पंचवीस दिवस लागतातच. पैसे दिवसावर, आणि हातात यायला तीन महिने. काम केलं तर पैसे, नाही केलं तर नाही. आजारी पडलात तर दिवस गेला. बाळंतपण म्हणजे मग सरळ काम गेलं.

आणि शेड्यूल लावताना मी अकरा वर्षं जे पाहिलं ते असं. एखादा नट सकाळीच येऊन सांगायचा, “ताई, आज साडेसातचा प्रयोग आहे, पाचला सोडा.” मराठीत अर्धे कलाकार नाटक करतात. शनिवार-रविवार तर विचारूच नका. आणि आम्ही सोडायचो! त्याचे सीन आधी घ्यायचो, त्याच्यासमोरच्याचे क्लोज नंतर घ्यायचो, अगदीच अडलं तर खांद्यावरून शॉट लावून दुसऱ्या कुणाला पाठमोरं उभं करायचो. त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही. नाटक म्हणजे आपली शान, प्रयोग थोडाच बुडवायचा? मीसुद्धा आनंदाने जुळवायचे, कारण नाटक मलाही प्रिय आहे.

पण एखादी मुलगी येऊन हळूच म्हणाली, “पोरीला ताप आहे, आज सहाला सोडाल का?” की हवा बदलायची. “बघू.” “चॅनलला काय सांगू?” “घरी कुणी नाहीये का?” आणि ती गेल्यावर पाठीमागे, “लग्न झालं ना, आता हे चालूच राहणार.” लक्षात घ्या, दोन्ही वेळी शेड्यूलला लागणारा वेळ तेवढाच आहे. दोन्ही वेळी जुळवाजुळव तीच आहे. एकदा ती कलेसाठी म्हणून होते, आणि एकदा तिला नखरे म्हणतात.

याहून मोठा पुरावा सेटवरच असतो. मालिकेत लहान मूल असतंच. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर तर नाहीच. नियम उत्तम आहे, सगळीकडे तो पाळला जायला हवा. पण त्याचा अर्थ बघा. एक पात्र पाच तासच मिळणार असं धरून शेड्यूल लावता येतं. आकाश कोसळत नाही, टेलिकास्ट चुकत नाही. म्हणजे ‘जमत नाही’ हे खरं नाही. ज्याच्यासाठी जुळवायचं असं ठरवलेलं असतं त्याच्यासाठी जमतं.

पडद्यावरच्या आईचं खोटं बाळ पाच तासांनी घरी जातं. तिचं खरं बाळ रात्री साडेअकरापर्यंत व्हिडिओ कॉलवर “मम्मा, कधी येणार?” विचारत असतं. आणि ती कॅमेऱ्यासमोर कुठला सीन करत असते? सून घरात वेळ देत नाही म्हणून सासू तिला सुनावते, तो!

2025 मध्ये दीपिका पदुकोणच्या आठ तासांच्या शिफ्टच्या मागणीच्या बातम्या आल्या तेव्हा आपल्याकडे काय गदारोळ झाला होता, आठवत असेल. मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती. “एवढे कोटी घेते आणि आठच तास?” अशा कॉमेंट्सचा पाऊस. नंतर तिने एका मुलाखतीत सांगितलं की मोठे पुरुष स्टार कितीतरी वर्षं आठ तासच काम करतायत, काहीजण तर सोमवार ते शुक्रवारच, फक्त त्याची बातमी होत नाही. इंडस्ट्रीत काम केलेल्या माणसाला यात नवीन काही नव्हतं. पण मला त्या वादात खटकलं ते हे की चर्चा सगळी एका कोट्यधीश अभिनेत्रीवर अडकली. तिचं काही अडणार नव्हतं. अडतं ते वहिनीचा, मावशीचा, नायिकेच्या मैत्रिणीचा रोल करणाऱ्या बाईचं. तिला आठ तास मागायची सोयच नाही. मागितले तर पुढच्या आठवड्यात तिचं पात्र बंगळुरूला नोकरीला जातं.

होय, पात्र असंच जातं. प्रेक्षक म्हणून तुम्हीही पाहिलं असेल. अचानक एक वहिनी माहेरी जाते ती येतच नाही. कुणी कोमात जातं. कुणाचा अपघात होऊन चेहरा बदलतो. नाहीतर सात वर्षांचा लीप. दर वेळी कारण बाळंतपणच असतं असं नाही. पण ते असतं तेव्हा सेटवरच्या सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. आणि जिची गरज असते, म्हणजे जिच्या चेहऱ्यावर टीआरपी उभा असतो, तिच्यासाठी मात्र सातव्या महिन्यापर्यंत शूटिंग होतं. पदर पुढे घ्या, हातात पूजेचं ताट द्या, डायनिंग टेबलामागे बसवा, क्लोज घ्या. हेअरड्रेसर, मेकअप दादा, कॅमेरामन सगळे मिळून पोट लपवतात, आणि फार प्रेमाने लपवतात हो! म्हणजे तेही जमतंच.

एक मुलगी मला आठवते, नाव-गाव काही सांगत नाही. पाचव्या महिन्यापर्यंत तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. रोज उलट्या, आणि विचारलं की “ॲसिडिटी”. का लपवलं? कारण आधीच्या मालिकेत तिच्या मैत्रिणीने तिसऱ्या महिन्यात प्रामाणिकपणे सांगितलं आणि चौथ्या महिन्यात तिची रिप्लेसमेंट आली. आता गंमत बघा. निर्मात्याची तक्रार काय असते? “ऐन वेळी सांगतात, आमची पंचाईत होते.” अहो, बाळंतपण ही जगातली सगळ्यात लांब मुदतीची नोटीस आहे. सहा महिने आधी कळू शकतं. आजारपण असं सांगून येत नाही, अपघात येत नाही, नटाचा राजकारणप्रवेश येत नाही. पण सांगितल्यावर काम जाणार असेल तर कोण सांगेल?

लग्नाचंही तेच. करारात लिहिलेलं नसतं, तोंडी असतं. “या वर्षी लग्नबिग्न काढू नकोस हं, शो नवीन आहे.” हसत हसत म्हणतात. नायकाला असं म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नाही. त्याच्या लग्नाचा सोहळा तर उलट चॅनलच्या पेजवर झळकतो.

हा प्रश्न आजचा नाही. 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पहिल्यांदा स्त्रिया पडद्यावर आल्या त्या दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या होऊन एकटीने मुलगी वाढवत होत्या. म्हणजे आपल्या सिनेमातली पहिली अभिनेत्री हीच मुळी एकटी आई होती. पुढे कमलाबाई गोखल्यांना तरुणपणीच वैधव्य आलं, आणि त्यांनीही मुलं वाढवली ती रंगभूमीच्या जोरावर. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. आपण या घराण्याचं कौतुक करतो, पण त्याच्या मुळाशी दोन बायकांची पोटापाण्याची लढाई आहे, ते विसरतो.

दुर्गा खोटे घ्या. 1932 चा ‘अयोध्येचा राजा’. चांगल्या घरातली, शिकलेली मुलगी सिनेमात गेली म्हणून केवढी खळबळ. तरुण वयात नवरा गेला, पदरात दोन मुलगे. काम करत राहिल्या. त्यांच्या मुलाशी, हरीन खोट्यांशी, विजयाबाईंचं लग्न झालं. त्याच आपल्या विजया मेहता. हरीनही तरुणपणीच गेले, आणि विजयाबाईंच्या पदरातही दोन मुलगे. सासू आणि सून, दोघींच्या वाट्याला तेच आलं, आणि दोघीही उभ्या राहिल्या. त्या दोघी थोर होत्याच. पण हेही खरं की दोघींच्या मागे घर होतं, शिक्षण होतं, माणसं होती. ते ज्यांच्यामागे नव्हतं त्यांचं काय झालं?

त्यांचं काय झालं ते हंसा वाडकरांनी सांगून ठेवलंय. ‘सांगत्ये ऐका’ हे त्यांचं आत्मकथन 1970 चं, शब्दांकन अरुण साधूंचं. श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ काढला, स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर कमावणारी ही बाई, आणि तिला हवा होता संसार. घर तिच्या पैशांवर चालत होतं, म्हणून तिला काम सोडता येत नव्हतं, आणि काम करते म्हणून संशयही तिच्यावरच. “करिअरच्या नादात संसाराकडे दुर्लक्ष केलं” असं म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा वाचावं. कित्येकींच्या बाबतीत नाद करिअरचा नव्हताच, घरातल्या बाकीच्यांना तिच्या कमाईचा नाद होता.

आणि विठाबाई नारायणगावकर. त्यांची ती गोष्ट आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेली असते. नऊ महिने भरलेले, फडावर नाचताना कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत स्टेजवर आल्या. ही गोष्ट सांगताना सांगणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, ऐकणाऱ्याच्याही. “काय बाई होती!” होतीच. पण इतक्या वर्षांत मी एकालाही असं विचारताना ऐकलं नाही की नऊ महिने भरलेली बाई स्टेजवर का होती? नाचली नाही तर फडातल्या माणसांची चूल पेटणार नाही, अशी वेळ तिच्यावर का आली? त्यांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, उपचारांसाठी लोकांची मदत लागली. आता त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार चांगलाच आहे. पण आज एखाद्या फडातली बाई गरोदर राहिली तर तिच्या चार महिन्यांची सोय काय, याचं उत्तर पुरस्कारात नाही.

आपली सवयच ही आहे. बाईने अशक्य ते केलं की आपण तिला देवी करतो, आणि ते अशक्य का होतं हा प्रश्न तिथेच पुरतो. हिरकणीची गोष्ट घ्या. गडाचा दरवाजा सूर्यास्ताला बंद झाला, घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली. गडाचा दरवाजा बंद होण्याला कारण होतं, शत्रूची भीती होती, राज्याचा नियम होता. आज सेटचा दरवाजा अकरापर्यंत बंद ठेवणाऱ्यांना कसली भीती आहे? रोज रात्री घोडबंदरचा ट्रॅफिक उतरून बाळाकडे जाणाऱ्या पोरींना “आजच्या हिरकणी” म्हणून जागतिक महिला दिनाला शाल-श्रीफळ देऊ नका. त्यांना सातला सोडा.

कायदा काय म्हणतो, तेही बघू. प्रसूती लाभ कायदा 1961 चा, 2025 पर्यंत तो लागू होता. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय सक्तीची झाली. पात्रतेची अट काय, तर आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम. ऐंशी दिवस! मालिकेतली नायिका तेवढे दिवस चार महिन्यांत भरते. आणि मजा म्हणजे या कायद्याच्या व्याख्येत कसरतींचे आणि इतर खेळ करून दाखवणाऱ्या आस्थापना 1973 पासून स्पष्ट लिहिलेल्या होत्या. म्हणजे सर्कशीतल्या बाईच्या बाळंतपणाचा विचार या देशाच्या कायद्याने पन्नास वर्षांपूर्वी केला. झोक्यावर उलटी लटकणारी बाई आई होऊ शकते हे संसदेला तेव्हा कळलं. दिवसाला बारा तास कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी बाई मात्र कायद्याच्या बाहेर राहते. का? कारण कागदावर ती नोकर नाहीच. तिला पगार नाही, ‘प्रोफेशनल फी’ मिळते, टीडीएस कापून. ती म्हणे स्वतंत्र व्यावसायिक! कॉल टाइम तुम्ही ठरवणार, कपडे तुम्ही ठरवणार, केस कापायचे तरी तुम्हाला विचारून, दुसरीकडे काम करायचं तर तुमची परवानगी. आणि बाळंतपण आलं की ती स्वतंत्र.

“रोजंदारीवर असलेल्यांना कुठली रजा?” असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या मस्टरवर रोजंदारीने काम करणाऱ्या बायकांच्या प्रकरणात निकाल दिला, की कायम नाहीत म्हणून त्यांना प्रसूतीचे लाभ नाकारता येणार नाहीत. रस्त्यावर माती उचलणाऱ्या बायकांनी ही लढाई लढली आणि जिंकली. आमच्या ग्लॅमरच्या दुनियेने त्यांच्याकडून शिकायला हरकत नाही. अमेरिकेत हंटर टायलो नावाच्या अभिनेत्रीला गरोदर राहिली म्हणून मालिकेतून काढलं, तर ती कोर्टात गेली आणि 1997 मध्ये ज्युरीने तिला 48 लाख 90 हजार डॉलरची भरपाई मंजूर केली. निर्मात्याचं म्हणणं होतं की भूमिका मोहक बाईची आहे, गरोदर बाई ती कशी करणार? ज्युरीने ते ऐकलं नाही.

आणि आपल्याकडेही लढण्याची परंपरा नाही असं नाही. शांता आपटे 1939 मध्ये करार आणि पैशांच्या वादावरून पुण्याच्या प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या. वर्षभरात ‘जाऊ मी सिनेमात?’ असं पुस्तकच लिहिलं त्यांनी. आजही मला वाटतं की ‘घर कसं सांभाळता’ला खरं उत्तर त्या वाटेने मिळेल. केरळमध्ये अभिनेत्री एकत्र आल्या म्हणून सरकारला 2017 मध्ये हेमा समिती नेमावी लागली, आणि उशिरा का होईना, ऑगस्ट 2024 मध्ये अहवाल बाहेर आला. त्यातल्या लैंगिक शोषणाच्या गोष्टींवर सगळीकडे चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. पण त्यात साध्या गोष्टीही आहेत. सेटवर बायकांना धड स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला जागा नाही. जिथे लघवीला जायची सोय नाही तिथे बाळाला पाजायची सोय कुठून असणार?

आता दुसरी बाजू. निर्मात्यांपैकी अनेक माझे मित्र आहेत, ते ही पोस्ट वाचून फोन करणारच आहेत. त्यांची अडचण खोटी नाही. चॅनल रोज एपिसोड मागतं, बजेट वर्षानुवर्षं वाढवत नाही, एपिसोडची बँक नसते, सकाळचं शूट कधी कधी त्याच रात्री जातं. एका दिवसाचं शूट पडलं तर लाखाचा फटका निर्मात्याला. मान्य. पण मग ही अडचण चॅनलच्या टेबलावर मांडा ना. ती एका बाळंतिणीच्या अंगावर का टाकता? दोन आठवड्यांची बँक असेल तर निम्मे प्रश्न सुटतात. नायकाचा, दिग्दर्शकाचा, कॅमेरामनचाही जीव वाचतो. मूल फक्त बाईचं नसतं. सेटवरच्या लाइट दादालाही घरी पोरगी आहे, तीही झोपल्यावरच बाप घरी येतो. माझ्या शेड्यूलवर त्याचं नावसुद्धा नसायचं.

दुसरा आक्षेप, “स्वतःच निवडलंय ना हे क्षेत्र?” हो, निवडलंय. अभिनय निवडलाय. रात्री अकराला पॅक-अप तिने निवडलेला नाही. तिसरा, “पैसा मिळतो की!” मिळतो, दोघी-तिघींना. बाकीच्यांची मालिका संपली की पुढचे आठ महिने ऑडिशन.

आणि घराबद्दलही बोलू, कारण सगळं खापर सेटवर फोडून चालणार नाही. देशाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा आकडा बघा. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा 88. हे सगळ्या देशाचं चित्र आहे, नट-नट्यांचं नाही. पण नट-नट्या याच देशात राहतात. ‘समजूतदार नवरा’ म्हणजे आपल्याकडे परवानगी देणारा नवरा. डबा भरणारा, शाळेच्या मीटिंगला जाणारा, लसीची तारीख लक्षात ठेवणारा नवरा असेल तर त्याला समजूतदार कशाला म्हणायचं? तो बाप आहे. आणि जिथे सासू-आई नाही तिथे घर एखाद्या मावशीवर चालतं. त्या मावशी स्वतःचं लेकरू शेजारणीकडे ठेवून आलेल्या असतात. अभिनेत्रीच्या ‘बॅलन्स’मध्ये त्यांचं नाव कुठल्याच मुलाखतीत येत नाही.

मग मागायचं काय? मला क्रांती नको आहे, चार गोष्टी हव्यात.

एक, करारात सुटायची वेळ लिहा. लहान मूल असलेल्या कलाकाराला, आई असो वा बाप, आठवड्यातले निदान काही दिवस सातला सोडायचं. प्रयोगाला सोडता तसंच.

दोन, गरोदरपणाचं कलम लिहा. तिने वेळेत कळवायचं, तुम्ही काढायचं नाही. काही आठवड्यांचे पैसे द्यायचे, किंवा ठरलेल्या मुदतीने तीच भूमिका परत द्यायची. तिचा ट्रॅक बाहेरगावी पाठवायला लेखक तयार आहेतच, त्याच ट्रॅकला परत आणायलाही सांगा. कलाकारांच्या संघटनेने एक नमुना करार केला तर प्रत्येकीला एकटीने भांडावं लागणार नाही.

तीन, गोरेगावची चित्रनगरी सरकारची आहे. तिथे रोज किती युनिट काम करतात! तिथे एक धड पाळणाघर चालवायला काय हरकत आहे? भाडं घ्या, पण चालवा.

चार, नाट्यगृहं महापालिकांची आहेत. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष काढले, मग रंगमंचामागे एक स्वच्छ, कडी लागणारी खोली का नाही? आणि हो, एसटी स्टँडवरच्यासारखी कुलूप लावून ठेवलेली नको. ही मागणी फक्त अभिनेत्रींची नाही. तिकीट काढून येणाऱ्या आयांनाही ती खोली उपयोगी पडेल. येत्या महापालिका बजेटच्या वेळी तुमच्या नगरसेवकाला एवढं विचारायला तुम्हाला नट असायची गरज नाही.

शेवटी आपण प्रेक्षक. चॅनल आपल्याला घाबरतं, विश्वास ठेवा. एका नायिकेच्या साडीवरून कॉमेंट्स आल्या तर दुसऱ्या दिवशी साड्या बदललेल्या मी पाहिल्या आहेत. मग गरोदर झाली म्हणून एखादीला बदललं तर तिथे लिहा की “आम्हाला तीच हवी, आम्ही थांबू.” बाळंतपणानंतर परत आलेल्या मुलीच्या फोटोखाली “जाड झाली” लिहिण्याआधी हात आवरा. एखादीचा घटस्फोट झाला की “करिअर करिअर करत बसली” असं लिहिणाऱ्यांत आपल्या ओळखीचे काका-काकू असतात, त्यांना तिथल्या तिथे टोका. मला तर या कॉमेंट्स लिहिणाऱ्यांत बायकाच जास्त दिसल्या आहेत, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. त्याच बायका रात्री साडेआठला, दिवसाची ती 289 मिनिटं संपवून, पाय लांब करून मालिका लावतात. समोर जी सून दिसते ती पोळ्या लाटायचा अभिनय करत असते, आणि तिच्या घरी तिच्या लेकीला त्या वेळी दुसरं कुणीतरी भरवत असतं. दोघींचं दुखणं एकच आहे. निदान एकमेकींच्या विरोधात तरी लिहू नका.

सेटवर काम करणाऱ्यांनी, नाटकवाल्यांनी, फडावरच्या ताईंनी तुमचे अनुभव खाली लिहा. नावं घेऊ नका, कुणाचं काम जायला नको. फक्त एवढं सांगा, तुम्हाला किती वाजता सोडतात, आणि घरी पोचता तेव्हा पोरं जागी असतात का?